कापूस, रेल्वे आणि कविता

मेहरूणमधल्या आमच्या शाळेत सगळे विषय उर्दूतून शिकवले जातात, मराठी मात्र मराठीतून. पोरांच्या घरी बोलली जाते ती खानदेशी वळणाची उर्दू. त्यामुळे मराठीचा तास म्हणजे आमच्यासाठी रोजचा भाषांतराचा तास असतो. एकदा नववीच्या वर्गात बालकवींची श्रावणावरची कविता घेतली होती. हिरवळ झाली, ऊन-पावसाचा खेळ झाला, इंद्रधनुष्य झाले. आम्ही रंगात आलो होतो. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, श्रावणात तर निंदणी असते. हा शायर कधी निंदायला गेला होता का?"

वर्ग हसला. आम्हाला हसू आले नाही, कारण आमच्याजवळ उत्तर नव्हते. त्या मुलीची आई पावसाळ्यात रोजाने निंदायला जाते आणि एरवी एमआयडीसीतल्या डाळमिलमध्ये डाळ निवडते. श्रावण तिला माहीत होता, पण तो वेगळ्या बाजूने.

"साहित्य हा समाजाचा आरसा आहे" हे वाक्य आम्ही परीक्षेत किती वेळा लिहिले असेल याची गणती नाही. युरोपातील एकोणिसाव्या शतकाच्या वाङ्मयीन चळवळीही आम्ही अशाच पाठ केल्या. स्वच्छंदतावाद म्हणजे कल्पना, निसर्ग आणि व्यक्तीचे मन. वास्तववाद म्हणजे जसे आहे तसे दाखवणे. निसर्गवाद म्हणजे वास्तववादाचे टोक. उर्दूत याच गोष्टींना रूमानियत आणि हकीकतनिगारी म्हणतात. तीही पाठ केली. पण आरसा म्हटला की एक प्रश्न उरतोच. आरसा कोणाच्या भिंतीवर टांगला आहे आणि त्याच्यासमोर कोण उभे आहे? आमच्या मते समाज साहित्याला दोन प्रकारे घडवतो. एक, तो लेखकाला विषय देतो. दोन, लेखणी कोणाच्या हातात जाईल हेही तोच ठरवतो. पाठ्यपुस्तके पहिल्या गोष्टीवर पाने भरतात आणि दुसरीवर गप्प राहतात. या लेखात आम्हाला त्या दुसऱ्या गोष्टीविषयी बोलायचे आहे. बी.एड.च्या वर्गात 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे' हे सूत्र आम्हाला घोकवले होते. त्याप्रमाणे युरोपात जायचे तेही मेहरूणच्या तलावाकाठून आणि भादलीच्या रुळांवरून.

तलावाकाठचा कवी आणि आगगाडी

इंग्रजीतला वर्ड्सवर्थ तलावांच्या प्रदेशात राहणारा कवी होता. त्याने आणि कोलरिजने मिळून १७९८ साली 'लिरिकल बॅलड्स' हा संग्रह काढला. १८०० च्या आवृत्तीला वर्ड्सवर्थने प्रस्तावना जोडली. कवितेने ठरावीक अलंकारांची भाषा सोडून साध्या माणसाच्या बोलण्याजवळ यावे, खेड्यातल्या साध्या जगण्याला विषय करावे, असा तिचा आशय. स्वच्छंदतावादाचा जाहीरनामा म्हणून ही प्रस्तावना शिकवली जाते.

हे नेमके त्याच वेळी का सुचले? १७८९ च्या फ्रेंच राज्यक्रांतीने सामान्य माणूस इतिहासाच्या मध्यभागी आणून उभा केला होता. इकडे इंग्लंडात गावोगावची सामायिक कुरणे कायद्याने कुंपणात जात होती. घरातला चरखा बंद पडून सूत गिरणीत निघू लागले होते. गाव मोडत होते, म्हणून गावाची कविता लिहिली जात होती. जी वस्तू हातची जाते तिच्यावर माणूस जास्त बोलतो. स्वच्छंदतावादाचे मूळ कवीच्या स्वभावात जेवढे आहे तेवढेच या मोडतोडीत आहे.

पण गोष्ट इथे संपत नाही. १८३० साली लिव्हरपूल ते मँचेस्टर रेल्वे सुरू झाली आणि थोड्याच वर्षांत रुळांचे जाळे पसरले. १८४४ मध्ये वर्ड्सवर्थच्या तलावांकडे, विंडरमिअरपर्यंत, रेल्वे नेण्याचा बेत ठरला. म्हाताऱ्या कवीने त्याविरुद्ध सुनीत लिहिले, वर्तमानपत्राला पत्रे लिहिली. डोंगर-पाण्याची नासाडी होईल ही त्याची तक्रार आजही पटते. पण त्या पत्रांत दुसराही एक सूर आहे. निसर्गाचे सौंदर्य कळायला मनाची तयारी लागते, गिरणी-कारखान्यांतले कामकरी गाड्या भरभरून इथे आले तर त्यांना त्याचा काय लाभ, असा तो सूर. ज्याने साध्या माणसाची भाषा कवितेत आणली, त्यालाच साधा माणूस आपल्या तलावाकाठी नको होता! १८४७ मध्ये रेल्वे आलीच.

त्याच काळात जॉन क्लेअर नावाचा एक शेतमजूर कवी होऊन गेला. १८२० साली त्याचा पहिला संग्रह निघाला. लंडनने चार दिवस कौतुक केले आणि मग पाठ फिरवली. कुंपणात गेलेल्या कुरणांचे दुःख त्याच्याइतके जवळून कोणी लिहिले नाही, कारण त्याचे पोटच त्या जमिनीवर होते. आयुष्याची शेवटची वीसहून अधिक वर्षे त्याने वेड्यांच्या इस्पितळात काढली आणि १८६४ मध्ये तो वारला. चळवळ त्याचीही होती, पण तिची ओळख सांगताना वर्ड्सवर्थ पहिल्या पानावर येतो आणि क्लेअर तळटीपेत.

एका गाठोड्यातला कापूस

पुढे वास्तववाद आला, तो गिरणीच्या दारातून. एलिझाबेथ गॅस्केल या मँचेस्टरमधल्या धर्मोपदेशकाच्या पत्नी. गिरणी-मजुरांची उपासमार त्यांनी जवळून पाहिली आणि १८४८ मध्ये 'मेरी बार्टन' ही कादंबरी लिहिली. डिकन्सने १८५४ मध्ये 'हार्ड टाइम्स'मध्ये धुराने काळवंडलेले गिरणगाव उभे केले. फ्रान्समध्ये एमिल झोला खाणीत उतरून पाहून आला आणि १८८५ मध्ये 'जर्मिनल' प्रसिद्ध झाली. कादंबरीचा आकारसुद्धा समाजाने ठरवला. डिकन्सच्या कादंबऱ्या हप्त्याहप्त्याने निघत. पूर्ण पुस्तक विकत घेण्याची ऐपत नसलेला वाचक महिन्याला एक शिलिंग देऊन भाग घेई. म्हणून प्रत्येक भाग उत्कंठेवर संपायचा. वाचकाचा खिसा कथेच्या बांधणीत कसा उतरतो याचे हे चांगले उदाहरण आहे.

आता हा कापूस कुठून येत होता ते पाहू. मँचेस्टरच्या गिरण्या मुख्यतः अमेरिकेच्या कापसावर चालत आणि तो कापूस गुलामांच्या हातचा होता. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, कापूस थांबला, आणि गिरणीवाल्यांची नजर हिंदुस्थानाकडे, त्यात आपल्या खानदेशाकडे वळली. त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे रूळ खानदेशातून भुसावळकडे गेले. रूळ काही आपल्या सोयीसाठी आले नव्हते, कापूस बंदराला न्यायला आले होते. भाव वाढले, शेतकऱ्याने धान्याची जमीन कापसाखाली घातली, सावकाराने हात सैल सोडला. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि कर्ज तेवढे राहिले. १८७५ मध्ये पुणे व नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. महात्मा फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो १८८३ मध्ये.

म्हणजे तिकडे 'मेरी बार्टन' आणि इकडे 'असूड' ही एकाच व्यापाराच्या दोन टोकांना लिहिलेली पुस्तके आहेत. मराठीत वास्तववाद केव्हा सुरू झाला असे विचारले की उत्तर बहुधा हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्यांपासून दिले जाते. 'पण लक्षात कोण घेतो!' ही थोर कादंबरी आहे यात शंका नाही. यमूचे दुःख वाचून आजही घशात दाटते. पण तो पांढरपेशा घराच्या आतला वास्तववाद आहे. शेतकऱ्याच्या घरात काय शिजते, अंगावर काय असते, सरकारी कचेरीत त्याला किती वेळ ताटकळत ठेवतात, याचे वर्णन फुल्यांनी त्याआधीच करून ठेवले होते. ते कादंबरीच्या साच्यात नव्हते, म्हणून त्याला वाङ्मयीन चळवळीत जागा मिळाली नाही.

फुल्यांना हे ठाऊक होते. १८८५ साली पुण्यात ग्रंथकारांची सभा भरली, तिचे निमंत्रण त्यांना होते. त्यांनी पत्र लिहून नकार दिला. जे व्यवहारात सर्वांना माणुसकीचे हक्क देत नाहीत, त्यांच्या पुस्तकांशी आमच्या पुस्तकांचा मेळ बसणार नाही, असा त्या पत्राचा आशय. कोणत्या लेखनाला साहित्य म्हणायचे हे कोण ठरवते, हा प्रश्न मराठीत एवढ्या स्पष्टपणे बहुधा प्रथमच विचारला गेला. आमच्या वर्गातल्या मुलीने तोच प्रश्न निंदणीच्या शब्दांत विचारला.

दोन सभा, दोन कर्नल

युरोपात स्वच्छंदतावाद आणि वास्तववाद एकामागून एक आले, मध्ये पिढ्या गेल्या. आपल्याकडे ते एकाच पेटीत, शाळेच्या पुस्तकांतून आले. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि इंग्रजी कविता ही अभ्यासाची वस्तू झाली. केशवसुतांच्या कवितेत निसर्ग आहे, स्वतःच्या मनाचा शोध आहे आणि त्याच वहीत 'अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न' व 'मजुरावर उपासमारीची पाळी' याही कविता आहेत. इंग्रजी वळणाचे मराठीतले पहिले सुनीत त्यांनी १८९२ मध्ये लिहिले, त्याचा विषय मयूरासन आणि ताजमहाल. हा कवी पेशाने शाळामास्तर होता आणि काही वर्षे आपल्या खानदेशात, फैजपूरला शिकवत होता. युरोपातली लेबले त्यांना लावायला गेले की म्हणूनच अडचण होते. एका हातात दोन्ही आहेत.

उर्दूतही हेच झाले, पण जरा वेगळ्या वाटेने. १८५७ नंतर दिल्ली उजाड झाली, शायरांचे आश्रयदाते गेले. अल्ताफ हुसेन हाली लाहोरच्या सरकारी बुक डेपोत नोकरीला लागले. इंग्रजीतून होणाऱ्या भाषांतरांची उर्दू सुधारणे हे त्यांचे काम. १८७४ मध्ये लाहोरला अंजुमन-ए-पंजाबने नव्या तऱ्हेचे मुशायरे भरवले. मिसरा देण्याऐवजी विषय दिला जाई. पाऊस, आशा, देशप्रेम असे विषय. हालींनी तिथे 'बरखा रुत' वाचली. या उपक्रमामागे मुहम्मद हुसेन आझाद होते आणि शिक्षणखात्याचे प्रमुख कर्नल हॉलरॉइड होते. पुढे १८९३ मध्ये हालींनी 'मुकद्दमा-ए-शेर-ओ-शायरी' लिहून नव्या कवितेला पाया दिला. त्यांची तळमळ खरी होती. पण निसर्गाकडे पाहा असे शायराला सांगणारी सभा सरकारी खात्याच्या पाठिंब्याने भरली होती, हेही खरे. त्याच्या कितीतरी आधी नजीर अकबराबादींनी होळी, ईद, काकडी, बंजारा, भाकरी या सगळ्यांवर नज्मा लिहिल्या होत्या. त्यांना जुन्या तजकिरा लिहिणाऱ्यांनी फारसा मान दिला नाही, कारण ती बाजारातली भाषा होती.

दुसरी सभा आपल्या जळगावची. १९०६ मध्ये खानदेशाचे दोन जिल्हे झाले आणि जळगाव पूर्व खानदेशाचे मुख्य ठिकाण बनले. कचेऱ्या आल्या, वकील आले. रेल्वे होतीच, १८७० च्या दशकात कापडगिरणीही निघाली होती. कवितेला लागणारा शिकलेला श्रोता आता गावात होता. १९०७ मध्ये इथे कविसंमेलन भरले. अध्यक्ष होते कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर, पेशाने डॉक्टर आणि वनस्पतींचे मोठे अभ्यासक. धरणगावात जन्मलेल्या सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे या मुलाची कविता त्यांनी ऐकली आणि त्याला 'बालकवी' ही पदवी दिली. त्यापुढे तो त्याच नावाने ओळखला गेला.

१९०७ मध्ये जळगावात आणखी कोण होते?

इथे आम्हाला वाचकांना थोडे थांबवायचे आहे. ज्या वर्षी जळगावने बालकवींना ओळखले, त्याच वर्षी, त्याच गावात, सत्तावीस वर्षांची एक बाई जात्यावर दळण दळत होती. आसोद्याची लेक, जळगावच्या चौधरी घराची सून, बहिणाबाई. तेराव्या वर्षी लग्न होऊन ती या गावात आली होती. अक्षर एकही येत नव्हते. शेतात, चुलीपाशी, जात्यापाशी तिच्या तोंडून आपल्या लेवा गणबोलीत गाणी येत होती. संमेलनाच्या मंडपापासून तिचे घर फार दूर नसणार. पण तिला कोणी बोलावले नाही, आणि बोलावण्यासारखे तिथे काही आहे हे कोणाला माहीतही नव्हते.

आम्ही इथे कोणाला दोष देत नाही. कविसंमेलन म्हणजे कागदावर लिहिलेली कविता, हे तेव्हाच्या समाजाने गृहीत धरले होते. शेतकऱ्याची बायको, तीही निरक्षर, कवी असू शकेल ही कल्पनाच त्या मंडपात शिरू शकत नव्हती. बहिणाबाईंनी जळगावच्या छापखान्यावरसुद्धा गाणे रचले आहे. ज्या यंत्राने त्यांना ओळखले नाही, त्या यंत्राचे त्यांनी कौतुकच केले! त्यांचे पुत्र सोपानदेव आणि एक नातलग यांनी गाणी टिपून ठेवली नसती तर आज आपल्याजवळ काहीच नसते. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या, १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. १९०७ पासून मोजले तर पंचेचाळीस वर्षे. २०१८ मध्ये आपल्या विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले.

वर्ड्सवर्थच्या प्रस्तावनेतले मागणे, साध्या माणसाची भाषा आणि खेड्याचे जगणे, खानदेशात पूर्ण केले ते बहिणाबाईंनी. त्यांनी ती प्रस्तावना वाचली नव्हती. चळवळ पुस्तकातून येत नाही, जगण्यातून येते, याला आणखी पुरावा कशाला हवा? पण चळवळीचे नाव मात्र पुस्तकातून येते. नाव ठेवणारा शिकलेला असतो आणि तो आपल्यासारख्यालाच आधी ओळखतो.

बालकवींना न्याय

मग आमच्या विद्यार्थिनीचे खरे आणि बालकवींचे खोटे असे आम्ही म्हणावे काय? तसे म्हणणे सोपे आहे, म्हणूनच ते म्हणू नये. काही वर्षांपूर्वी आम्हीही जोशात म्हणत होतो की निसर्गकविता हे पोट भरलेल्यांचे काम. बालकवींचे चरित्र वाचल्यावर तोंड मिटले. त्यांचे पोट भरलेले नव्हते. तुटपुंज्या नोकऱ्या, घरची ओढाताण, मनाची उदासी. 'आनंदी आनंद गडे' लिहिणाऱ्याच हाताने 'पारवा' आणि 'खेड्यातील रात्र' लिहिली आहे. ते नऊ वर्षांचे असताना खानदेशाने १८९९-१९०० चा दुष्काळ पाहिला होता. उजाड माळ पाहिलेल्या मुलाला हिरवळ किती हिरवी दिसली असेल, हेही समजून घेतले पाहिजे. 'औदुंबर'मधली ओळ न् ओळ पाहिलेल्या जागेची आहे, इंग्रजी पुस्तकातून आणलेली नाही.

आणि त्यांचा शेवट? ५ मे १९१८ रोजी, जळगावपासून जवळच्या भादली स्थानकापाशी, रेल्वेखाली सापडून बालकवींचा मृत्यू झाला. वयाची अठ्ठावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. वर्ड्सवर्थने आपल्या तलावाकडे येणाऱ्या गाडीविरुद्ध सुनीत लिहिले आणि त्यानंतरही तो काही वर्षे जगला. आमच्या कवीला कापसासाठी टाकलेल्या रुळांनी गाठले. यातून मोठा अर्थ काढण्याचा मोह आम्ही टाळतो. अपघात तो अपघात. पण युरोपातला स्वच्छंदतावाद आणि यंत्रयुग यांचे नाते वर्गात सांगताना आम्ही आता मँचेस्टरचे नाव नंतर घेतो, भादलीचे आधी. पोरे लगेच समजतात. भुसावळला जाताना ते स्थानक सगळ्यांनी पाहिलेले असते.

आपले काय?

मराठीत लिहिणाऱ्या आपल्या लोकांच्या बैठकीत एक तक्रार नेहमी ऐकू येते, की मराठी साहित्याच्या इतिहासात आपण नाही. ती खरी आहे आणि ती करत राहिली पाहिजे. पण तक्रार करताना आपण १९०७ च्या मंडपात बसलेलो नाही ना, हेही तपासावे. मालेगाव-धुळ्याचे माग चालवणारे, सातपुड्याच्या पायथ्याचे तडवी, जिनिंगमध्ये रुईच्या धुळीत खोकणाऱ्या बाया, यांच्या तोंडी काय आहे ते आपण कितीसे टिपले? उर्दूतला शिकलेला त्यांच्या बोलीला बिघडलेली उर्दू म्हणतो, मराठीतला शिकलेला बिघडलेली मराठी म्हणतो. दोघांच्या मध्ये ती भाषा तशीच न लिहिलेली राहते. आम्ही स्वतः कित्येक वर्षे वहीत लाल शाईने ती दुरुस्त करत आलो. ही चूक आमची आहे.

निंदणीचा प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीला आम्ही त्या दिवशी उत्तर दिले नाही, काम दिले. सगळ्या वर्गालाच दिले. घरातले मोठे माणूस काम करताना जे बोलते किंवा गाते ते ऐकायचे, जसे आहे तसे लिहून आणायचे, दुरुस्त करायचे नाही. बहुतेकांनी सिनेमाची गाणी आणली. चार-पाच जणांनी खरेच ऐकून आणले होते. त्या मुलीने आपल्या दादीचे बोलणे आणले होते. दादीने तरुणपणी जिनमध्ये काम केले होते. आम्ही ते मराठीत असे उतरवून घेतले : "जिनमध्ये सरकी वेगळी निघायची, रुई वेगळी निघायची. दोन्ही तोलायचे. आमच्यातून काय निघायचे ते कुणी तोलले नाही."

वही आमच्या टेबलाच्या खणात आहे. पुढच्या सोमवारी आम्ही पुन्हा बालकवी घेतला. या वेळी ती कविता त्या मुलीला मोठ्याने वाचायला सांगितली. तिने छान वाचली, आणि वाचून झाल्यावर म्हणाली, "सर, हे दादीला ऐकवते."